झोन नऊमधली बदकं

किस्से साठवायला वेगळी जागा लागत नाही. चाकणहून पिंपरीला येणारी कंपनीची बस त्याला पुरते. शिफ्ट सुटली की बस निघते आणि कुरुळीच्या अलीकडे येऊन थांबते ती थांबतेच. पुढे ट्रेलर, मागे ट्रेलर, बाजूला सिमेंटचा मिक्सर. मोबाइलची बॅटरी संपते, शेजारणीच्या सासूबद्दल बोलून होतं, आणि मग मागच्या सीटवरून कोणीतरी म्हणतं, "सुलभाताई, आज बदकांचं काय?"

मी दमलेली असते. सकाळी अंधारात डबा भरून निघालेली असते आणि संत तुकाराम नगरला पोचून पुन्हा कणीक मळायची असते. पण विचारलं की सांगते. गप्प बसलं की गुडघे जास्त दुखतात.

अशी सांगत गेले आणि साठत गेली. कोणी हसतं, कोणी म्हणतं, तुम्ही तिखटमीठ लावता. तिखटमीठ लावायला अंगात ताकद लागते हो. जसं झालं तसं सांगते.

*

मी हाउसकीपिंगची सुपरवायझर. दहावी झाले आणि पुढचं शिकायच्या आत लग्न झालं. आमच्या कंपनीत फाइव्ह-एस नावाचा प्रकार आहे. म्हणजे प्रत्येक वस्तूला जागा आणि प्रत्येक वस्तू जागेवर. झाडूच्या जागी भिंतीवर झाडूचं चित्र, बादलीच्या जागी जमिनीवर पिवळा गोल. सगळ्या आवाराचे झोन पाडलेले आहेत. प्रत्येक झोनला एक लीडर, आणि लीडरचा फोटो बोर्डवर.

मशिन शॉप, पेंट शॉप, स्टोअर असे बरे बरे झोन इंजिनिअर लोकांनी घेतले. उरला झोन नऊ. त्यात सांडपाण्याचा प्लांट, प्लांटमधून स्वच्छ होऊन आलेलं पाणी साठवायचं तळं, तळ्याभोवतीची बाग आणि पलीकडचं स्क्रॅप यार्ड.

फाइव्ह-एसचे मुख्य पाटणकर सर. वय तिशीचं, शर्टाची घडी मोडत नाही, आणि जे आहे तेच बोलणार, तेच लिहिणार. त्यांनी मीटिंगमध्ये विचारलं, "झोन नऊ कोण घेतंय?"

सगळे टेबलाकडे बघायला लागले. मी तेव्हा चहाचे कप गोळा करत होते.

"सुलभाताई, तुम्ही उभ्याच आहात," सर म्हणाले.

*

त्या तळ्यावर बदकं असतात. पाळलेली नाहीत, रानातली. चोचीचं टोक पिवळं आणि चोचीच्या मुळाशी दोन लाल ठिपके, म्हणून त्यांना हळदी-कुंकू बदक म्हणतात. बागेचं काम करणाऱ्या रखमाबाई इथल्याच गावच्या. त्या म्हणतात, पूर्वी ही इंद्रायणीच्या डोहात असायची. आता डोहात जलपर्णी आणि वर फेस. आमचं तळं लहान, पण काठाला पाणकणसं माजलेली, भोवती तारेचं कुंपण, कुत्रं येत नाही, जाळं टाकायला कोणी येत नाही, गेटवर सिक्युरिटी आणि चोवीस तास पाणी. आमच्या सोसायटीत पाणी दिवसाआड येतं. मी बदक असते तर मीही इथेच राहायला आले असते.

पण गेल्या ऑडिटला झोन नऊला सगळ्यात कमी गुण मिळाले. मी सरांना कारण विचारलं.

"तळ्यावर अनावश्यक वस्तू," सर म्हणाले.

"कुठल्या, सर?"

"बदकं."

मी रखमाबाईंना सांगितलं. त्यांनी काठावर उभं राहून टाळ्या वाजवल्या. बदकं उडाली, पेंट शॉपवरून एक गोल फेरी मारली आणि परत तळ्यात उतरली.

"परत आली," सर म्हणाले.

"मग जाग्यावरच हायेत की," रखमाबाई म्हणाल्या.

बदकांवरून गुण गेले ते गेले, पण बागेच्या ठेकेदाराला दुसराच शेरा मिळाला होता: गवत वाढलेलं. त्याने रखमाबाईंना सरळ सांगून टाकलं. "पुढच्या ऑडिटला गवत दिसलं तर दसऱ्यानंतर इथं यायचं नाही. तळवड्याच्या साइटवर पाठवीन."

तळवडं म्हणजे रखमाबाईंना दोन बस. इथून त्यांचं घर चालत पाच-दहा मिनिटांवर. आणि लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस भरत आलेले, घरात दुसरं बाईमाणूस नाही. दुपारच्या सुट्टीत त्या घरी जाऊन लेकीला ताट वाढून येत. त्यांना ही जागा सोडून चालणार नव्हतं. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, ठेकेदारालाही.

*

सांडपाण्याच्या प्लांटवर नागनाथ असतो. लातूरकडचा, सज्जन मुलगा, पण काळजी फार करतो. त्याच्या गावाकडे तळं आटलेलंच जास्त बघायला मिळतं, त्यामुळे पाण्यातल्या जिवांची त्याला सवय नाही. नवीन होता तेव्हाची गोष्ट. आपण सोडलेल्या पाण्याने कधी काय होईल, या भीतीत तो सारखा तळ्यावर नजर ठेवून असायचा.

एके सकाळी त्याचा फोन आला.

"ताई, पाणी बिघडलंय. बदकं उलटी झाल्यात."

"उलटी म्हणजे?"

"शेपट्या वर. मुंडकी पाण्यात. सगळ्यांचं एकदमच."

मी सरांना फोन केला, सरांनी वर केला. प्लांट बंद. पाणी सोडणं बंद. पेंट शॉपला निरोप गेला, तिथली लाइन थांबली. सुटाबुटातले तीन साहेब चिखल तुडवत तळ्यावर आले. नागनाथ पाण्याने भरलेली काचेची बाटली हातात धरून उभा, चेहरा पांढरा.

आम्ही बघतोय तोवर एका शेपटीने हेलकावा घेतला, खालून मुंडकं वर आलं, चोचीतून शेवाळ लोंबत होतं. ते गिळून बदकाने आमच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा उलटं झालं.

ही बदकं बुडी मारत नाहीत. उथळ पाण्यात अशीच उलटी होऊन तळाचं शेवाळ, बिया, बारीक गोगलगाई खातात. हे मला नंतर कळलं. त्या वेळी कोणालाच माहीत नव्हतं. तिघा साहेबांपैकी एकांनी बुटाचा चिखल कठड्याला पुसला. मग त्यांनी पाटणकर सरांना विचारलं, "नाश्त्यासाठी लाइन किती वेळ बंद होती म्हणायची?"

*

खाण्यावरूनच दुसरं सांगते. पितृपक्ष होता. नागनाथच्या वडिलांना जाऊन वर्ष झालेलं, पहिलंच श्राद्ध. ऑडिट जवळ आलं म्हणून त्याला सुट्टी मिळाली नाही. त्याने खूप विनवलं, पण प्लांटला दुसरा माणूस नव्हता. शेवटी माझ्या डब्यातला भात, खीर, वडा आणि थोडी आमटी असं पान करून त्याने तळ्याच्या कठड्यावर ठेवलं आणि हात जोडून कावळ्याची वाट बघत बसला.

कावळे समोरच्या शेडवर होते. एकही खाली येईना. कँटीनच्या मागे त्यांना रोज पोळ्या मिळतात, त्यांना कसली घाई. नागनाथ पुटपुटायला लागला, "बाबा, पुढच्या वर्षी गावाकडं करतो. सुट्टी टाकून करतो."

तेवढ्यात एक बदक पाण्यातून कठड्यावर चढलं, डुलत डुलत पानाशी आलं आणि भात खायला लागलं. भात संपवून खिरीत चोच घातली. नागनाथने हाकललं नाही. हाकलावं की नाही हेच त्याला कळत नव्हतं.

लगेच आईचा फोन आला. तिकडे त्याची आई पान वाढून केव्हाची थांबली होती. स्पीकर चालू होता म्हणून मी ऐकलं.

"शिवलं का रे?"

"शिवलं आई."

"कावळाच होता नव्हं?"

नागनाथ बदकाकडे बघत राहिला. "काळपटच होतं काहीतरी," तो म्हणाला.

पलीकडे आईने भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "जेवला ना पोटभर? मग झालं."

*

त्याच पंधरवड्यात रखमाबाईंना घरटं सापडलं.

तळं आणि स्क्रॅप यार्ड यांच्यामध्ये गवताचा एक लांबट पट्टा आहे. पावसाने गुडघ्याच्या वर गेलेला. रखमाबाई गवत कापायचं मशिन खांद्याला लावून तिकडे निघाल्या. पेट्रोलवर चालणारं, पुढे पातं गरगर फिरणारं मशिन. त्याचा आवाज माणसाला सहन होत नाही, पण गवतात बसलेली बदकाची मादी उठली नाही. अगदी पातं जवळ गेल्यावर पायाखालून भुर्रकन उडाली.

रखमाबाईंनी मशिन बंद केलं आणि मला हाक मारली. गवताच्या बुडख्यात वाटीसारखा खोलगट भाग, त्यात गवताच्या काड्या आणि मादीने आपल्याच छातीची उपटून घातलेली मऊ राखाडी पिसं. आत फिकट रंगाची अंडी. पाण्यापासून बऱ्यापैकी लांब. मी म्हटलं, "इतकं लांब का घातलं असेल?"

"काठाला पाणी चढतं," रखमाबाई म्हणाल्या. मग जरा विचार करून म्हणाल्या, "काय म्हाइत. मला वाटलं मोराची अंडी हायेत."

आम्ही मागे सरकून उभ्या राहिलो. मादी आली, गवतात शिरली, दिसेनाशी झाली.

"रखमाबाई, हा पट्टा ऑडिटच्या आधी कापायचाय," मी म्हटलं. म्हणायला हवंच होतं, बोर्डवर फोटो माझा होता.

"व्हय."

"ठेकेदार काय म्हणाला आठवतंय ना?"

"व्हय."

त्यांनी मशिन खांद्यावरून उतरवलं आणि दांडा पुसत बसल्या. "माज्या दारात एक बसलीया, हितं एक बसलीया," त्या म्हणाल्या. "एकीला वाढायचं आन् दुसरीवर मशिन चालवायचं, आसं न्हाई जमायचं मला, बाई."

मी घरी जाऊन हिशोब करत बसले की बदक किती दिवस बसतं. मुलगा हिंजवडीला नोकरीला आहे, त्याने मोबाइलवर शोधून सांगितलं, साधारण पावणेचार आठवडे. म्हणजे थेट दसऱ्याच्या आसपास. ऑडिट नवरात्रात. मुलगा म्हणाला, "आई, तू कंपनीत नक्की काय काम करतेस?"

*

दुसऱ्या दिवशी मी पट्ट्याकडे एक चक्कर मारली, तर मादी गवताबाहेर आली आणि एक पंख जमिनीवर फरफटवत चालायला लागली. मोडलाच होता म्हणा ना. मला वाटलं, कालच्या मशिनचं पातं लागलं.

कँटीनमधून एक क्रेट आणला आणि तिच्यामागे गेले. ती लंगडत पुढे, मी क्रेट घेऊन मागे. जवळ गेले की दोन पावलं पुढे जायची, पडायची, परत उठायची. असं करत करत मी तळ्याला वळसा घालून, बागेतून, थेट मागच्या कुंपणापर्यंत गेले. साडी चिखलात, गुडघ्यांचं विचारूच नका. मी क्रेट टाकणार तेवढ्यात तिने तो मोडका पंख उघडला आणि दोन्ही पंखांनी आरामात उडून गेली.

घरट्यापासून लांब न्यायला ती असं नाटक करते, असं नंतर मुलाने मोबाइलवर वाचून दाखवलं. मी एवढंच सांगते की इतकी चांगली नटी मी आमच्या सोसायटीच्या गणपतीतसुद्धा पाहिलेली नाही.

परत येते तर वाटेत पाटणकर सर उभे. त्यांच्या हातात सुरक्षेची चिठ्ठी होती, माझ्या नावाची. कारण लिहिलं होतं: आवारात धावणे.

"सर, मी धावत नव्हते. ती लंगडत होती."

सरांनी क्रेटकडे पाहिलं, माझ्या पायांकडे पाहिलं आणि खाली अजून एक ओळ लिहिली: क्रेट जागेवर नाही.

*

सरांना घरट्याचं आम्ही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ते लिहिलं गेलं असतं, आणि लिहिलं गेलं की त्यावर कारवाई होते. पण सर स्वतःच पाहणीला त्या बाजूला गेले. मादी तेव्हा तळ्यावर खायला गेली होती. जाताना ती अंडी पिसांनी आणि काड्यांनी नीट झाकून जाते, वरून काही कळत नाही.

मशिन पुसायला चिंध्यांचा, दोऱ्यांचा जो गोळा वापरतात त्याला कॉटन वेस्ट म्हणतात. शॉपवरची माणसं ते वापरून कुठेही फेकतात, आणि पाटणकर सरांचं अर्धं आयुष्य ते गोळा करण्यात जातं. त्यांना गवतात मऊ राखाडी पुंजका दिसला. त्यांनी लाल टॅग काढला, भरला आणि काडी रोवून बाजूला लावला. जागा सोडून टाकलेली वस्तू. कॉटन वेस्ट. सात दिवसांत मालक पुढे न आल्यास भंगारात.

लाल टॅग लागला की पद्धत ठरलेली असते. तो ज्याने लावला त्यालाही तसाच काढता येत नाही.

मी केबिनमध्ये गेले. "सर, पट्ट्यातलं ते माझं आहे."

"तुमचं? मग आजच उचला."

"सात दिवस आहेत ना, सर."

सरांना माझ्याकडून असं उत्तर अपेक्षित नव्हतं. ते उठले, स्वतः उचलून दाखवायला निघाले, मी आणि नागनाथ मागोमाग. सर खाली वाकले, पुंजक्यात हात घातला आणि तसेच थांबले.

"गरम आहे," ते म्हणाले.

त्यांनी हात हळूच बाहेर काढला. बोटांना एक पीस चिकटलं होतं. आम्ही तिघे मागे सरलो. थोड्या वेळाने मादी आली, टॅगकडे एकदा मान वाकडी करून पाहिलं आणि बसली. तिच्या डोक्यावर तो लाल कागद वाऱ्याने हलत होता.

सर बराच वेळ बघत होते. मग सवयीने म्हणाले, "पण मालक कोण लिहायचा?"

"नर सकाळपासून दिसला नाही, सर," नागनाथ म्हणाला.

*

माणूस वाईट नाही. टॅगवर त्यांनी 'मालक हजर' एवढंच लिहिलं, आणि त्या दिवसापासून पट्ट्याच्या बाजूने जाताना ते बुटांचा आवाज होऊ देत नसत. पण ते म्हणाले, "ऑडिटला पट्टा कापलेला लागेल, सुलभाताई. गवत माझ्या हातात नाही, ठेकेदाराच्या हातात आहे." घरटं उचलून दुसरीकडे ठेवता येईल का, असंही त्यांनी विचारून पाहिलं. हलवलं की ती सोडून जाते, हे एव्हाना आम्हाला कळलं होतं.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी ठेकेदार आला. पट्टा बघून भडकला. रखमाबाईंना म्हणाला, "तुम्हाला कापायचं नसेल तर नका कापू. उद्या मी माझा माणूस आणतो. तुमचं नंतर बघतो."

रखमाबाईंनी मशिन उचलून शेडमध्ये ठेवलं आणि घरी गेल्या. मी बसमध्ये बसून राहिले. त्या दिवशी कोणी बदकांचं विचारलं तरी मी सांगितलं नाही.

सकाळी ठेकेदार माणूस घेऊन आला. मशिन घ्यायला शेडचं दार उघडलं आणि दारातच थांबला.

शेडच्या कोपऱ्यात पत्रावळीवर काळी माती, मातीत धान्य पेरलेलं, वर घट, घटाला पहिली माळ. शेजारी पाटावर गवत कापायचं मशिन आडवं ठेवलेलं. पात्याला हळद-कुंकू, दांड्याला झेंडूची माळ, पेट्रोलच्या टाकीवर सुपारी. पुढे समई. आणि रखमाबाई धुतलेलं लुगडं नेसून हात जोडून बसलेल्या.

"हे काय?" ठेकेदाराने विचारलं. आवाज आपोआप खाली आला होता.

"पूजेला बसवलंय."

"अवजारांची पूजा खंडेनवमीला असते की."

"आमच्यात घटापासून बसवत्यात."

ठेकेदाराने नागनाथकडे पाहिलं. तुळजापूर नागनाथच्या गावापासून जवळ, त्याला नवरात्रातलं सगळं माहीत असणार असा त्याचा समज. नागनाथ म्हणाला, "आमच्याकडं तर असलं काही..." रखमाबाईंनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "असतंय," नागनाथ म्हणाला. "काही काही घरी असतंय."

"मग आता?"

"उचला की," रखमाबाई म्हणाल्या. "पाटावरनं तुमीच उचला. मी काय न्हाई म्हणत न्हाई."

ठेकेदाराने आणलेल्या माणसाकडे पाहिलं. तो माणूस तोवर चपला काढून दाराबाहेर उभा राहिला होता. पाटणकर सरांना बोलावलं. ते आले, पाहिलं, आणि फक्त समईपासून पेट्रोलची टाकी किती लांब आहे ते विचारलं. समई दाराशी सरकवून घेतली, आग विझवायचा लाल सिलिंडर आणून शेजारी ठेवला आणि निघून गेले.

त्यानंतर कंपनीतल्या बाया दुपारी तिथे फूल वाहायला यायला लागल्या. फोर्कलिफ्टवाली पोरं नमस्कार करून जायची. ठेकेदाराची पंचाईत अशी झाली की दुसरं मशिन आणावं, तर पहिलं बसलेलं असताना दुसरं चालवणार कोण? विळा घेऊन या म्हटलं, तर रखमाबाईंनी विळेही पाटावर ठेवले होते.

*

ऑडिट सातव्या माळेला आलं.

ऑडिटर ग्राहक कंपनीचे. तमिळनाडूकडचे, उंच, केस पिकलेले. आमच्या साहेबांशी इंग्रजीत बोलत, कामगारांशी हिंदीत. कमी बोलत, म्हणून सगळ्यांना जास्त भीती वाटत होती. झोन एकपासून बघत बघत दुपारी ते झोन नऊला पोचले. बोर्डवरचा फोटो पाहिला, मला पाहिलं. मी कालपासून झोपले नव्हते, फोटोतली बाई मीच आहे हे त्यांना पटायला जरा वेळ लागला.

प्लांट पाहिला. तळं पाहिलं. तळ्यावरची बदकं जरा थांबून पाहिली. ठेकेदार एका बाजूला हाताची घडी घालून उभा होता. मग साहेब पट्ट्यापाशी आले.

"हे गवत का कापलं नाही?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"मशिन उपलब्ध नाही," पाटणकर सर म्हणाले.

"का?"

ऑडिटर लोकांचं एका 'का'वर भागत नाही. खरं कारण हाती लागेपर्यंत विचारत जायचं असं त्यांना शिकवलेलं असतं. पाटणकर सर आम्हालाही तेच शिकवतात. आता त्यांच्या कपाळावर घाम होता.

"मशिन... वापरात आहे, सर."

"कुठे?"

आम्ही सगळे शेडकडे निघालो. रखमाबाई सातवी माळ बांधत होत्या. त्यांच्या लेकीला पहाटेपासून कळा सुरू झाल्या होत्या. शेजारणीला बसवून त्या फक्त माळ बांधायला म्हणून आल्या होत्या आणि लगेच परत जायचं होतं. डोळे लाल, केस कसेतरी बांधलेले.

ऑडिटर साहेब दारात थांबले. उगवलेलं धान्य, झेंडूत बुडालेलं मशिन, शेजारी लाल सिलिंडर, सगळं त्यांनी नीट पाहिलं. मग वाकून सेफ्टी शूजच्या नाड्या सोडल्या, बूट दाराबाहेर सरळ रेषेत ठेवले, आत गेले आणि डोळे मिटून हात जोडले. रखमाबाईंनी त्यांच्या तळहातावर साखर-फुटाणे ठेवले.

"ये मशीन कब तक बैठेगी?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

रखमाबाई माळेची गाठ मारत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "अंडी फुटंस्तवर."

बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. माळ हातातच राहिली. नागनाथ माझ्या मागे सरकला. ठेकेदाराने हाताची घडी सोडली.

ऑडिटर साहेबांनी पाटणकर सरांकडे पाहिलं आणि त्या काय म्हणाल्या ते इंग्रजीत विचारलं.

सरांनी झेंडूकडे पाहिलं. सिलिंडरकडे पाहिलं. माझ्याकडे मात्र पाहिलं नाही.

"टिल दसरा, सर," ते म्हणाले.

साहेबांनी मान हलवली. साखर-फुटाणे तोंडात टाकले. बाहेर येऊन पायरीवर बसले आणि सावकाश एकेका बुटाची नाडी बांधली. पुढचं स्क्रॅप यार्ड बघायचं राहिलं होतं, आणि तिकडची वाट पट्ट्याच्या कडेने जाते. पाटणकर सरांनी हात करून ती वाट दाखवली.

साहेब उठले, पॅन्ट झटकली, पट्ट्यातल्या गवताकडे एकदा पाहिलं आणि उलट्या बाजूला वळले.

"त्या वाटेनं नको," ते स्वच्छ मराठीत म्हणाले. "बसली असेल."